गाडीच्या पोटातलं पाणी

तुमी हसाल, पण परभणीच्या मोटारसायकल शर्यतीत मी सुटायच्या आधीच बाद होत होतो. तेल सांडून मागचा गडी घसरू नये म्हणून त्या काळी इंजिनाखाली पत्र्याचं पसरट भांडं लागायचं. मी तेलाचा डबा कापून बनवलं होतं.

तपासायला पुण्याचे साहेब वाकले अन् ओरडले, "इथून लाल तेल गळतंय. गाडी बाद!"

"तेल न्हाई साहेब, कुंकवाचं पाणी हाय. आईनं सकाळी पोळ्याच्या बैलावानी गाडी धुऊन पूजा केली. ते भांड्यात साचलं."

साहेबांनी बोट बुडवून वास घेतला. "बरं, भांड्याचं बूच काढ, सोडून दे."

"इथं? पूजेचं पाणी पायदळी जाईल की!"

बाकीच्या गाड्या घरघर करायल्यात, अन् मी हेल्मेट घालून डबडंभर पाणी कडुलिंबाला घालायला चाललोय. मागं साहेब, बूट काढून.

दुसरा आलो. घरी सगळं सांगून आईपुढं कप धरला. तिनं बघितलाबी न्हाई.

"बूट काढून आला त्यो? मग त्याला जेवायला आणायचं न्हाई का रे!"