लुईचा मुकुट

सिया : नाही आजोबा, मुकुट मी काढणार नाही. आईनं ऑनलाइन मागवलाय, रिटर्नपण होत नाही.

आजोबा : मुकुट छानच आहे गं. पण तुझा लुई बिशप झाला होता. लोक म्हणतील, हा तर राजा.

सिया : म्हणू दे ना! उद्या आमच्या फोर्थ ग्रेडचं वॅक्स म्युझियम आहे. प्रत्येकानं एक फेमस माणूस व्हायचं आणि पुतळ्यासारखं उभं राहायचं. समोर कागदाचं बटण. कुणी ते दाबलं की मगच बोलायचं. रुचा ॲस्ट्रोनॉट झालीय, तिच्या हेल्मेटमध्ये लाइट लागतो! माझं बटण कोण दाबणार?

अनिका : मी दाबीन, ताई.

सिया : तू गप्प. आणि मुकुटाला हात लावू नकोस! आजोबा, हिला सांगा ना, सारखी माझ्याच वस्तू घेते.

आजोबा : अनिका, ये, माझ्यापाशी बस. सिया, हा लुई तू का निवडलास?

सिया : मी नाही निवडला! टीचरनं चिठ्ठ्या काढल्या. अख्ख्या मॉरिसव्हिलच्या लायब्ररीत त्याच्यावर एकच पुस्तक. त्यातली चित्रंपण बोअरिंग.

आजोबा : बरं. चौदा वर्षांचा असताना त्याचं काय झालं?

सिया : त्याचे बाबा नेपल्सचे किंग होते. ते वॉरमध्ये पकडले गेले. मग त्यांना सोडलं आणि त्यांच्या जागी लुईला ठेवलं.

आजोबा : एकट्याला?

सिया : दोन धाकटे भाऊपण होते. सेव्हन इयर्स, आजोबा! म्हणजे मी टू होते, तेव्हापासून आत्तापर्यंत.

आजोबा : बाप रे. आणि तिथे त्याला शिकवायचं कोण?

सिया : चर्चचे साधू. ब्राऊन झगा, कमरेला दोरी. सुटून आला तर मोठा भाऊ वारलेला. म्हणजे नेक्स्ट किंग कोण? लुई! आणि हा वेडा म्हणतो, नको, माझ्या धाकट्या भावाला द्या. मला साधू व्हायचंय. पोपनं त्याला बिशप केलं, तरी ब्राऊन झगाच घालायचा.

आजोबा : वेडा का गं?

सिया : मी मुकुट घेतला असता.

आजोबा : मीही घेतला असता कदाचित. बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, मुकुट कुणी दिला नाही. रिटायर झालो तेव्हा शाल आणि नारळ दिला. नारळाच्या तुझ्या आजीनं त्याच दिवशी वड्या केल्या. ही शाल उरली.

सिया : ही? ही तर ब्राऊन आहे!

आजोबा : आहे खरी. खांद्यावरून घे बघू. आणि दोरी म्हणून ही नाडी.

सिया : आजोबा! तुमच्या लेंग्याची?

आजोबा : मी धरून बसलोय ना घट्ट. त्या साधूंच्या दोरीला गाठी किती असायच्या?

सिया : थ्री.

आजोबा : मार मग.

सिया : मी पोटॅटोसारखी दिसतेय.

आजोबा : थोडीशी.

सिया : एक मिनिट. लुईनं मुकुट फेकून नाही दिला. भावाला दिला. मग मीपण देऊ? मुकुट घालूनच उभी राहते. कुणी बटण दाबलं की बोलायचं, आणि शेवटी मुकुट काढून त्याच्याच डोक्यावर! जो दाबेल तो माझा भाऊ!

आजोबा : वा! बत्तीस वर्षांत मला असलं काही सुचलं नाही.

सिया : लाइन लागेल, आजोबा! रुचापेक्षा मोठी!

आजोबा : मग एकदा करून बघ. बटण कोण दाबतंय?

अनिका : मी! मी! टुंग!

सिया : मी लुई. राजाचा मुलगा. सात वर्षं मी बाबांच्या जागी कैदेत होतो. आता मी राजा होऊ शकतो. पण मला गरिबांना माझ्या टेबलावर जेवायला बसवायचंय. म्हणून हा मुकुट...

आजोबा : का थांबलीस?

सिया : काही नाही. म्हणून हा मुकुट माझ्या धाकट्या भावाला. घे, अनिका.

अनिका : (मुकुट नाकापर्यंत आलाय) मला काहीच दिसत नाहीये. पण काढू नकोस हं. ताई, तू परत घेणार?

सिया : उद्या म्युझियमपुरता दे. मग तुझाच.