दातांवरचं आणि दातांतलं

डॉक्टरीणबाई : पदर खाली घ्या, यशोदाबाई. तोंड झाकलंत तर मी दात बघू कसे?

यशोदा : सवय हाय, बाई. लगीन झाल्यापासनं पदराआडच हसते.

डॉक्टरीणबाई : हिरड्या किती सोलवटल्यात! घासता तरी कशानं?

यशोदा : आधी राखुंडी. मग कोळसा. मग चिंच आन् मीठ. औंदा इटकरीची पूड. रगात येतं, पर डाग तसूभर हालत न्हाई.

डॉक्टरीणबाई : हलणारही नाही. तुमचे डाग दातांवर नाहीत, दातांत आहेत. लहानपणी पाणी कुठलं प्यायलात?

यशोदा : म्हायारचं. लांब, निजामाच्या हद्दीला लागून गाव. खोल हीर, पाणी मचूळ. समद्या गावाचे दात असेच, तपकिरी पट्ट्याचे. आमी म्हणायचो, देवीचा शिक्का हाय.

डॉक्टरीणबाई : देवीचा नव्हे, विहिरीचा. काही पाण्यात एक क्षार जास्त असतो. लेकराचे दात हिरडीच्या आत घडत असतात, तेव्हाच तो त्यांत उतरतो. दात बाहेर येतो तो डाग घेऊनच. घासून दात झिजेल, डाग जायचा नाही.

यशोदा : म्हंजी रगताचा दोष न्हाई? सासूबाई म्हणत्यात, हिचं खानदानच किडकं. माज्या लेकीचे दुधाचे दात पडाया लागलेत, बाई. रोज तिचं त्वांड उघडून बघते. जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई.

डॉक्टरीणबाई : ती वाढली कुठं?

यशोदा : हितंच, रहाटणीला. जन्मल्यापासनं नदीचं पाणी पितीय.

डॉक्टरीणबाई : मग सासूबाईंना सांगा, नातीचे दात तपकिरी व्हायचे नाहीत. आता तुम्ही या, तानाबाई. तुम्ही हिच्या धाकट्या जाऊ ना? अरेरे, हे काळं कधीपासून?

ताना : दोन वर्सं झाली. मिश्री लावते.

डॉक्टरीणबाई : तुमचं मात्र सगळं वरवरचं. तंबाखूचा थर आहे. मी खरवडून देते, खालचे दात मोत्यासारखे आहेत. पण मिश्री बंद. ती आधी हिरड्या खाते, मग तोंड. ही सवय लावली कुणी?

ताना : कुणी न्हाई, बाई. दाढ दुखत हुती, म्हून मीच लावली.

(दोघी जावा कासारवाडीच्या दवाखान्यातून रहाटणीला परत निघाल्या आहेत. नदीच्या उतारापाशी सावलीला टेकल्या आहेत.)

ताना : आक्का, बोला की कायतरी. पोरीचं ऐकून तुमी नाचत घरला जाल वाटलं हुतं.

यशोदा : तू खोटं का बोललीस?

ताना : काय खोटं?

यशोदा : तुजी दाढ कवा दुखत हुती गं? मिश्री तुला म्या दिली. माज्या हातानं तव्यावर भाजून.

ताना : दात घट्ट व्हत्यात म्हणला हुता तुमी.

यशोदा : थाप हुती ती. तू नवी नवरी आलीस. बेंदराला पोळ्या वाढताना हसलीस, आन् आमचं मालक म्हणालं, धाकटी हसली की घरात उजेड पडतो. मी चुलीपाशी बसले हुते, तान्ये. नऊ वर्सं त्यांच्याफुडं तोंडावरनं पदर काढला न्हाई. काढ गं, असं एकदा सुदीक म्हणालं न्हाईत. आन् तुला बघून म्हणं उजेड! दुसऱ्याच दिशी तंबाखू भाजली. माजे पांढरे व्हत न्हाईत, तर तुजे तरी काळे व्हवूंत.

ताना : ऱ्हाऊ द्या, आक्का.

यशोदा : ऐक, आता निघालंय तर समदं निघू दे. दोन वर्सं तू जांभई दिलीस तरी मी डोकवायची, किती काळं झालं ते बघाया. पैला डाग दिसला, तवा दोन भाकरी जास्त खाल्ल्या मी.

ताना : ठावं हुतं मला.

यशोदा : काय?

ताना : शेजारच्या गवराबाईनं पैल्याच म्हैन्यात सांगितलं. थोरली तुजं त्वांड नासवतीय, शानी हो म्हणाली.

यशोदा : आन् तरी लावत बसलीस? येडी का खुळी तू?

ताना : आक्का, मी सोळा वर्सांची आले ह्या घरात. दिसभर तुमी माज्याशी बोलत नव्हता. पाणी मागितलं तर तांब्या जमिनीवर ठिवायचा. फकस्त सकाळी परड्यात बोलवायचा, चिमूट हातावर टाकायचा, आन् बोट दातावर फिरंस्तवर आपण शेजारी बसायचो. तेवढ्यात तुमी तुमच्या म्हायारचं सांगायचा, हिरीवरच्या मैत्रिणींचं. मिश्री नगं म्हणले असते तर त्येबी गेलं असतं.

यशोदा : तान्ये...

ताना : चला, ऊन चढतंय.

यशोदा : थांब. तुज्याशी खोटं बोलाया आता त्वांड न्हाई मला. बाई म्हणाल्या मोत्यावानी व्हतील, तवा पुन्यांदा सललं माज्या काळजात. आत्ताबी सलतंय. तुजे धुवून निघतील, माजे मरंस्तवर असेच. आन् ते पुन्यांदा म्हणतील, उजेड पडला.

ताना : म्हणू द्यात. मी तुमच्याकडं बघून हसन.

यशोदा : उद्यापासनं मिश्री मिळायची न्हाई तुला. सांगून ठिवते.

ताना : मंग सकाळी परड्यात?

यशोदा : ये की. नुस्तीच बसू.