गाडी चार बोटं खाली

मंडळी, बसा, सरकून बसा! मागच्या भिंतीला टेकलेल्यांनी पुढं यावं. झोप तिकडंच लागते, माझा अनुभव आहे!

एक प्रश्न विचारतो. खाली येणं म्हणजे काय हो? आपण देवापुढं डोकं टेकवतो. डोकं खाली आलं, कबूल! पण त्या डोक्याच्या आत जो ऐटीत बसलाय, तो खाली आला का? हं! आता कसे गप्प झालात!

तर ऐका. सोनेवाडीत बळवंत कोकणे नावाचा गृहस्थ होता. बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी. देवानं सगळं दिलं, फक्त उंची देताना जरा हात आखडला! आणि या बळवंतानं घेतली काय? तर क्रूझर! म्हशीएवढी काळीकुट्ट मोटारसायकल! पहिल्याच दिवशी चौकात गाडी थांबवली, पाय टेकवायला गेला – आणि पाय पोहोचेचना! गाडी हळूहळू कलली... कलली... धाडकन! गाडी खाली, बळवंत तिच्याही खाली!

लोक हसले. मंडळी, पडल्याचं दुखणं दोन दिवसांचं. हसल्याचं? ते मात्र जात नाही!

गडी थेट याकूब मिस्त्रीकडं गेला. "मिस्त्री, गाडी खाली घ्या."

मिस्त्रीनं मागचे शॉकअप बदलून आखूड बसवले, पुढचंही उतरवलं. दोन बोटं गाडी खाली आली. बळवंतचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. काम झालं की नाही? झालं! इथं थांबला असता, तर मला आख्यान कुठून मिळालं असतं?

पण पाय टेकले आणि नाक वर गेलं! "मिस्त्री, अजून दोन बोटं. जमिनीला चिकटून चालल्यासारखी दिसली पाहिजे."

"शेठ, पोट घासेल गाडीचं."

"घासू दे!" मग हँडल उंच केलं. आरसे काढून इवलेसे लावले. आणि मागची सीट? तीही काढून टाकली!

घरी बायको शालन दारात आली. गाडीभोवती एक फेरी मारली, आपण तुळशीला मारतो तशी. म्हणाली, "अहो, छान आहे. पण मी बसायचं कुठं?"

"अगं, मागं सीट असली की गाडीचा लूक जातो!"

ऐकलंत? बायको बसली की लूक जातो! अहो टाळकरी, हसू नका. तुमची समोरच बसलीय!

आता ही शालन कशी? ती बारावी शिकलेली, अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी अर्ज केलेला. तिची मुलाखत आली, तालुक्याला, सकाळी अकराला. निघायला थोडा उशीर झाला, धावत फाट्यावर गेली, तर वडापची जीप भरून निघून गेलेली. तशीच घरी आली, डोळ्यांत पाणी. "अहो, दहा वाजले. आता कशी पोहोचू?"

बळवंत लगेच उठला. वाईट नव्हता हो तो! त्यानं मागच्या मडगार्डवर उशी ठेवली, सुतळीनं करकचून बांधली. "बस! वीस मिनिटांत नेतो."

शालन बसली. गाडी अजून खाली गेली. निघाले. आणि मारुतीच्या देवळासमोर – गावकऱ्यांनी स्वतः घातलेला गतिरोधक! गतिरोधक कसला, बांधच तो! पुढचं चाक चढलं, पलीकडं उतरलं... आणि खर्रर्र! गाडीचं पोट टेकलं. मागचं चाक जागच्या जागी गरगरा फिरतंय, पुढं काही जाईना! पारावरची माणसं उठून आली. मोबाईल निघाले. कुणी म्हणालं, "शेठ, गाडी अंडी उबवतेय काय?"

तेवढ्यात मागून फटफट करत अंजनाबाई आली. पासष्टीची दूधवाली, जुनाट मोपेड, दोन्ही बाजूंना किटल्या. गाडी थांबवली, किटल्या पारावर उतरवल्या. "शालन, बस पोरी. कितीला पोहोचायचंय?"

शालन तिच्या मागं बसली. निघताना वळून एवढंच बोलली, "अहो, भाकरी झाकून ठेवलीय. जेवून घ्या."

मंडळी, ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं! सगळं गाव हसलं ते त्यानं सोसलं, पण ही भाकरी काही सोसेना. आपल्या गाडीला शोभा यावी म्हणून हिची जागा काढली, आणि ही आपल्या जेवणाची काळजी करत निघाली!

आठ जणांनी गाडी उचलून काढली. बळवंत तडक मिस्त्रीकडं. "गाडी होती तेवढी वर घ्या. मागची सीट लावा."

"शेठ, पाय पुरणार नाहीत मग."

"न पुरू देत!"

शालनची निवड झाली. कामाचा पहिला दिवस. बळवंत तिला मागं बसवून देवळाशेजारच्या अंगणवाडीपाशी आला. समोर तीच पारावरची मंडळी. गाडी हळू झाली. आता? पाय तर पोहोचत नाहीत! बळवंत मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "शालन, आधी तू उतर आणि गाडी धर. मला पाय पुरत नाहीत."

शालननं उतरून गाडी धरली. हा सावकाश उतरला. हसले का लोक? हसले की! आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? बळवंत!

मंडळी, गाडी चार बोटं उतरली तेव्हा बळवंत खाली आला नव्हता. तो खाली आला त्या सकाळी, 'मला पाय पुरत नाहीत' म्हणाला तेव्हा! आता घरी जाल. दारात आपापली गाडी उभी असेल. गाडी असो, घर असो, संसार असो – चढण्याआधी एकदा मागं वळून बघा. कुणाची सीट काढून टाकलीय का आपण? असेल, तर आज जेवायच्या आधी बसवा. आणि मग म्हणा माझ्याबरोबर, पोटातून म्हणा – विठ्ठल, विठ्ठल!