सांबारावरची माशी

(रिठदच्या शिवारात लिलाबाईच्या वावराचा धुरा. फेब्रुवारी संपायला तीन दिवस. सकाळचे साडेदहा. लिलाबाई आणि तिची पुतणी सुकेशनी.)

सुकेशनी : ...सेहेचाळीस, सत्तेचाळीस. मोठ्याई, पाय सरकव. तुह्या टाचेखाली एक हाये. अठ्ठेचाळीस.

लिलाबाई : एवढूसं भोक. त्याले बी नंबर.

सुकेशनी : अठ्ठेचाळीस भोकं. उघडी एकोणीस, मातीनं बुजलेली सव्वीस, मुंग्यायनं घेतलेली तीन. परवा उघडी एकेचाळीस होती.

लिलाबाई : म्हंजे माश्या मरून राह्यल्या.

सुकेशनी : काम सरत आलं त्यायचं. आत परागाचा गोळा ठेवाचा, त्यावर एक अंडं ठेवाचं, तोंड बुजवाचं. पिल्लं निघतीन पुढल्या जानेवारीत.

लिलाबाई : पुढल्या जानेवारीत इथं रस्ता असन. सोमवारी ठेकेदार उदयसिंगाचा जेसीबी येऊन राह्यला. धुऱ्यासकट समदं सपाट.

सुकेशनी : माहीत हाये.

लिलाबाई : मी सही देल्ली त्यावर.

सुकेशनी : तेबी माहीत हाये. म्या कुठं म्हटलं नको देऊ.

लिलाबाई : म्हटलं नाई. पण आठ दिवसांपासून तुहं तोंड म्हनून राह्यलं. पावसाळ्यात इथं बैल पोटापर्यंत फसते, बाई. माशी फसत नाई, तिले पंख हायेत.

सुकेशनी : मोठ्याई, मी रस्त्याच्या आड नाई. मले फक्त एक नर पाह्यजे होता.

लिलाबाई : अकरा धरल्या ना तू? डब्यात टाचण्या टोचून पाठवल्या पुण्याले.

सुकेशनी : अकराच्या अकरा माद्या. मादीवरून जात नवी हाये का थे सांगता येत नाई. जुन्या दोन जातीच्या माद्या बी अशाच दिसतेत. नराचं तोंड पाहूनच समजते.

लिलाबाई : मानसात बी तेच. बाईले कोनी इचारत नाई तू कोन. नवऱ्याची जात इचारतेत.

सुकेशनी : प्रजाती, मोठ्याई.

लिलाबाई : प्र लावलं म्हनून काय झालं. मंग धर ना एखादा नर.

सुकेशनी : नाईत आता. नर आधी निघतेत, दोनक आठवडे फिरतेत अन् मरतेत. माद्या मागून राबतेत. मी परीक्षा देऊन अमरावतीहून आली तवा नर सरले होते.

लिलाबाई : तुहे मोठेबाबा बी तसेच गेले. समदी पेरनी माह्यावर टाकून. तुहा फोन थरथरून राह्यला, पाह्य.

सुकेशनी : पुण्याचे सर हायेत. माश्या त्यायच्याचकडं पाठवल्या होत्या. ...हॅलो, हो सर. स्पीकरवर ठेवते, हात मातीचे आहेत. माझी मोठी आई पण आहे इथे.

लिलाबाई : जयभीम, सर.

सर : नमस्कार. सुकेशनी, तुझ्या अकराही माद्या भिंगाखाली घातल्या. अँड्रेना, जमिनीत घर करणारी मधमाशी, यात शंका नाही. लहान आकाराच्या गटातली आहे. माझ्या मते तिची नोंद कुठेच नाही. पण 'माझ्या मते' असं छापता येत नाही.

सुकेशनी : पोटावरचे खळगे विरळ आहेत सर. मी हातातल्या भिंगाने मोजले.

सर : विरळच आहेत. पण एवढा फरक एकाच जातीत पडू शकतो. जुन्या दोन्ही जातींच्या नरांचा चेहरा खालून काळा असतो. तुझ्या माशीचा नर मिळाला असता, तर नुसत्या चेहऱ्यावर निकाल लागला असता. आता पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं.

सुकेशनी : पुढच्या हंगामात हा धुरा नसेल सर. सोमवारी रस्त्यासाठी काढतायत.

सर : धुरा म्हणजे?

सुकेशनी : शेताचा बांध.

सर : मग दुसऱ्या बांधावर असतील.

सुकेशनी : दोन किलोमीटरच्या आतले चौदा बांध पाहिले. एकावरही नाहीत.

सर : रस्ता थांबवता येणार नाही?

लिलाबाई : त्यायले म्हन, जुलैत या अन् इथून एकदा चालून दाखवा. मंग इचारा.

सर : काय म्हणाल्या?

सुकेशनी : रस्ता गरजेचा आहे, म्हणतेय.

सर : बरं. मग आपण छोटं टिपण देऊ. 'अँड्रेना, जात अनिश्चित.' तुझं नाव पहिलं ठेवू.

सुकेशनी : अनिश्चित म्हणजे कपाटात जाणार.

सर : आमच्या कपाटात अशा चारशे आहेत. एकटी पडणार नाही ती.

सुकेशनी : हो, सर.

सर : बाकी तुझ्या नोंदी चोख आहेत. फक्त ते आधीचं पार्सल कशासाठी होतं ते कळलं नाही. ते मी तपासलं नाही.

सुकेशनी : कोणतं पार्सल?

सर : फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलं. सात बाटल्या, स्पिरिटमध्ये. घरातले नमुने.

सुकेशनी : घरातले नाहीत सर. मी परीक्षेला गेले होते, तेव्हा मोठ्या आईकडे बाटल्या ठेवल्या होत्या. तिने शेतात माश्या धरून थेट तुम्हाला कुरियर केल्या.

सर : शेतात? चिठ्ठ्या वाचून दाखवतो. एकीवर 'कांदा'. दोनवर 'मोहरी'. चारवर 'सांबार'. मला वाटलं, कोणी स्वयंपाक करता करता माश्या धरल्या.

लिलाबाई : काय म्हनून राह्यले थे?

सुकेशनी : तुह्या बाटल्या उघडल्याच नाई म्हनतेत.

लिलाबाई : काहून?

सुकेशनी : सांबारामुळं.

लिलाबाई : सांबाराले काय झालं?

सर : बाई, राग मानू नका. पण सांबारात पडलेली माशी आम्हाला उपयोगाची नसते. ती कोणत्या झाडावर होती ते कळावं लागतं.

लिलाबाई : तेच लिवलं ना. हीच म्हने, झाडाचं नाव अन् तारीख लिवाची, दुसरं काई लिवाचं नाई. मी साक्षरतेच्या वर्गात शिकली, सर. त्या सांबाराच्या टिंबासाठी तीन चिठ्ठ्या फाडल्या म्यां.

सर : पण सांबार झाडाला कुठे लागतं?

लिलाबाई : मंग काय चुलीवरच्या गंजात उगवते?

सुकेशनी : सर, एक मिनिट. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिच्या वाफ्यातली कोथिंबीर तेव्हा फुलावर होती.

लिलाबाई : अजून बी हाये. धन्यासाठी ठेवला.

सुकेशनी : सर? ऐकू येतंय का?

सर : येतंय. मी खुर्चीवरून उठतोय. बाटल्या खालच्या खणात आहेत. मग इडलीबरोबर खाता त्याला काय म्हणता?

सुकेशनी : सांबारच.

सर : आणि कळतं कसं?

लिलाबाई : इडली दिसते ना संगं.

सर : एका चिठ्ठीवर 'सांबार, सकाळी' असं आहे. मी नाश्ता समजलो.

लिलाबाई : सकाळीच उडत होत्या. दुपारी नाई.

सुकेशनी : मोठ्याई, आठवून सांग. सांबारावर त्या बसत होत्या का?

लिलाबाई : कुठं. वाफ्यावरून इकडून तिकडं, तिकडून इकडं. एस. टी. स्टँडवर रिकामे पोट्टे फिरतेत तशा. पायाले पिवळी भुकटी नाई, काई नाई. मले आळशी वाटल्या, म्हनून त्याच धरल्या. चहाच्या गाळणीनं.

सुकेशनी : डंख मारला एखादीनं?

लिलाबाई : एक तं मुठीत घेतली होती. काईच नाई केलं.

सुकेशनी : सर, वाफ्यावर घिरट्या घालत होत्या. पायावर पराग नव्हता. हातात घेतल्यावर डंखही नाही, आणि नराला डंख नसतोच.

सर : लहान माशीचा डंख हाताला जाणवत नाही. त्यावरून काही ठरत नाही. थांब, एकेक घेतो. 'कांदा'. ही घरमाशी.

लिलाबाई : कांद्यावरच होती थे.

सर : 'मोहरी', पहिली. फुलोरी मधमाशी. 'मोहरी', दुसरी. तीच. 'सांबार', पहिली. मुंगी आहे, पंखांची.

लिलाबाई : उडत होती म्हनून घेतली.

सर : 'सांबार', दुसरी. हिला डोकं नाही.

लिलाबाई : गाळणीत राह्यलं असन.

सुकेशनी : मोठ्याई, थांब जराशी.

सर : 'सांबार', तिसरी.

सुकेशनी : काय आहे सर?

सर : दिवा जवळ घेतोय.

लिलाबाई : काहून बोलून नाई राह्यले?

सुकेशनी : मिशीचे मणी मोजत असतीन. मादीले बारा असतेत, नराले तेरा.

लिलाबाई : एका मण्यासाठी तू आठ दिवस जेवली नाई धड?

सुकेशनी : एका मण्यासाठी.

सर : तेरा. दुसऱ्या मिशीचेही तेरा.

सुकेशनी : आपलीच आहे ना सर? दुसरी एखादी नाही?

सर : पंखाच्या शिरा तशाच आहेत. पोटावरचे खळगे तुझ्या माद्यांइतकेच विरळ. चेहरा बघू दे. गाळणीनं थोडे केस गेलेत, पण रंग आहे.

सुकेशनी : खालचा भाग कसा आहे?

सर : पिवळा.

सुकेशनी : पूर्ण?

सर : पूर्ण. कडेला दोन काळे ठिपके. 'सांबार', चौथीही तशीच. म्हणजे दोन नर, आणि जात नवी. सुकेशनी, वही घे. हे आत्ताच लिहून ठेवू.

सुकेशनी : माझे हात—

लिलाबाई : तुहे हात मातीचे हायेत. वही मी घेते. सांगा सर. हळू सांगा, मले जोडाक्षराले वेळ लागते.

सर : लिहा. रिठद. चार फेब्रुवारी, सकाळ.

लिलाबाई : हं.

सर : झाड : कोथिंबीर.

लिलाबाई : सांबार लिवलं. पुढं.

सर : नर. लांबी पाच पूर्णांक आठ मिलिमीटर.