चाकावरची खडूची खूण

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आज निवृत्त होणारे आमचे मिस्त्री, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

फोरमन या नात्याने मी मिस्त्रींचा गौरव करावा, असं ठरलं आहे. तो अधिकार मला आहे का, हे तुम्हीच ठरवा.

कन्व्हेयरची चेन किती सैल ठेवायची, हे मिस्त्री अंगठ्याने दाबून सांगत. तेही वाटेल तिथे नाही. चाक हातानं हळूहळू फिरवायचं, चेन सगळ्यात ताठ कुठे होते ते शोधायचं, तिथे चाकावर खडूची खूण करायची आणि ढील तिथेच बघायची. "ताठ जागी बोटभर ढील ठेवा, बाकीचं ती सांभाळते," असं म्हणायचे. आम्ही पाठीमागे हसायचो.

अकरा वर्षांपूर्वी मोठे साहेब पाहणीला येणार होते. मी तेव्हा सुपरवायझर, उत्साह नुसता उतू चाललेला. मिस्त्री जेवायला गेले होते. ती खूण मला घाण वाटली, मी फडक्याने पुसली. चेन लोंबताना दिसली, म्हणून पाना घेऊन ताणली, तीही नेमकी सैल जागी. चाक अर्धं फिरल्यावर तिचं काय होतंय, हे बघायला थांबतो कोण? संध्याकाळच्या आत बेअरिंग फुटलं, शाफ्ट वाकला, आठवडाभर काम बंद.

चौकशीत विचारलं, "चेन कोण बघतं?" मिस्त्री म्हणाले, "मीच बघतो." मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पुसलेली खूण त्यांना दिसली नसेल? मी मूग गिळून बसलो. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे निष्काळजीपणाचा शेरा पडला, आणि त्यांचं ठरलेलं फोरमनपद माझ्याकडे आलं.

वहिनी, फोरमनच्या क्वार्टरमध्ये जाऊन तुम्ही पडद्यांसाठी खिडक्यांची मापं घेऊन ठेवली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या घरात आम्ही राहायला गेलो. आमचं कपाट वर चढवायला मिस्त्रीच आले होते. त्याची मला अजून लाज वाटते.

अध्यक्ष महाराज, माझी कबुली मी सही करून आणली आहे. मिस्त्री आज गेटबाहेर पडायच्या आत तो शेरा खोडा आणि तिथे माझं नाव घाला. गेलेली वर्षं काही मला परत देता येत नाहीत.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मंडळींनी पोटात घालावं. मिस्त्री, तुम्ही मात्र या वेळी घालू नका.