फुकट अ‍ॅपमधला सरपंच

ऑफलाइन वाचणाऱ्यांची चेष्टा करू नका, मी त्यांच्यातल्या एकाबरोबर राहतो. आमचा दत्ताराम, अम्गरा या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमधला फिटर. पेट्रोलपेक्षा डेटा महाग असं त्याचं म्हणणं, आणि कुवेतमध्ये ते खोटंही नाही. म्हणून दर शुक्रवारी तो एगैलाच्या मॉलमध्ये जातो, तिथल्या फुकट वायफायवर गावाकडचे पेपर एका अ‍ॅपमध्ये भरून आणतो आणि आठवडाभर खोलीत आम्हाला वाचून दाखवतो. अ‍ॅपही फुकटचंच. त्यामुळे बातमी अर्ध्यावर तुटते आणि खाली येतं, 'पुढचं वाचायला पूर्ण आवृत्ती विकत घ्या.'

परवाच्या शुक्रवारी भरून आणलेल्या पेपरात त्याच्या गावच्या सरपंचपदाचा निकाल आला. उमेदवार त्याचा सख्खा भाऊ. अख्खी खोली कान देऊन बसली. दत्ताराम वाचत होता, 'अटीतटीच्या लढतीत अखेर विजयी झाले...' आणि बातमी तुटली.

मी म्हटलं, "अरे, आता तरी घे पूर्ण आवृत्ती."

"शुक्रवारी मॉलमध्ये बघू."

मला राहवेना. बाहेर जाऊन माझ्या डेटावर निकाल पाहिला. भाऊ पडला होता. आत आलो, तोंड उघडणार तोच दत्ताराम म्हणाला, "सांगू नको. माहीत आहे मला."

"कसं काय?"

"निवडून आला असता तर त्यानेच फोन केला असता."

"मग शुक्रवारची वाट कशाला बघतोस?"

मोबाईल उशाखाली सरकवत तो म्हणाला, "तोवर माझ्या फोनात तरी राहू दे त्याला सरपंच."