पुढच्या चाकाचं एक सूत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, क्लबचे आजी-माजी सभासद, जव्हार-मोखाड्याहून वेळात वेळ काढून आलेली मंडळी, आणि खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मित्रांनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. आधीच्या वक्त्यांनी केलेलं वर्णन ऐकून मलाच वाटलं, हा टिपणीस कोण, एकदा भेटायला हवं. अठ्ठावीस वर्षं या माळावरच्या जुन्या विमानांची देखभाल मी केली, हे खरं. पण मानपत्रात 'टिपणीस साहेबांच्या हातून कधी चूक झाली नाही' असं छापलंय, ते खरं नाही. आज आपला फ्लाइंग क्लब बंद होतोय. तेव्हा ते सांगायला मला दुसरा दिवस मिळायचा नाही.

आपली दोन्ही विमानं माझ्यापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी लहान. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, सुटे भाग मिळायचे नाहीत. आणि त्यांचं दुखणं एकच, पुढचा पाय. नाकाखाली एक दांडा, खाली चाक, मध्ये कैचीसारखा सांधा. त्या सांध्यातले बुश, म्हणजे खिळीभोवतीच्या धातूच्या बारक्या नळ्या, झिजले, की विमान उतरताना चाक थडथडायला लागतं. साखरशेतचा नवशा धावपट्टीवरचं गवत कापायचा. तो म्हणायचा, "सायेब, इमानाला हीव भरलाय." मी इंग्रजी पुस्तकाची बारा पानं चाळायचो आणि निदान तेच निघायचं.

या हिवावर औषध एकाच माणसाकडे होतं, सादिक मिस्त्री. जव्हारच्या बाजारात त्याचं लेथ मशीन होतं. शेतावरचे पंप, गिरणीचे दांडे आणि आमच्या विमानांचे बुश तो एकाच मशीनवर, सारखंच मन लावून करायचा. मूळ सांध्यात ग्रीस भरायची सोयच नव्हती. तिथे बारीक भोक पाडून ती करायची, ही अक्कल त्याची. मंजुरीच्या कागदावर नाव गेलं माझं. आत्ता त्याच सुधारणेबद्दल आपण टाळ्या वाजवल्यात.

अठ्ठ्याण्णव साली पाहुण्यांसाठी उड्डाण ठरलं होतं. आदल्या दिवशी मी ठाणे शहरात होतो. सादिकने नवा बुश केला, तो घट्ट बसत होता. त्याने शेजारच्या दुकानातून फोन केला. मी घाईत होतो. म्हटलं, "सूतभर काढ, बसेल." तो म्हणाला, "साहेब, पुरं सूत?" मी म्हटलं, "अरे हो बाबा, सूतभर. प्रत्येक गोष्टीत तुझं काहीतरी असतंच."

आता बघा. आमच्या घरी सूतभर म्हणजे केसभर, उगाच एवढंसं. लेथ चालवणाऱ्या माणसाला सूत म्हणजे सूत, इंचाचा आठवा भाग. त्याने विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. त्याने मोजून एक सूत काढलं. बसवताना तो नवशाला म्हणाला, "ढिला वाटतोय, पण साहेबांनी सांगितलंय." दुसऱ्या दिवशी मी आलो, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि सही केली. चाक हातात धरून एकदा हलवून बघायला किती वेळ लागतो? एक मिनिटसुद्धा नाही. मी ते हलवलं नाही.

उतरताना पुढचा पाय मोडला, नाक जमिनीत रुतलं, पंखा वाकला. वैमानिकाचं मनगट मोडलं, जीव वाचला. समिती बसली. मला विचारलं, फोनवर नेमकं काय सांगितलंत? मी म्हणालो, "किंचित काढायला सांगितलं."

एवढंच. एक शब्द बदलला. सादिक शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब बोलतात तर तसंच असेल. फोनला खरखर होती, मीच उलटं ऐकलं." अहवालात छापून आलं, स्थानिक कारागिराचा दोष. मी तो वाचला, फाइलला लावला आणि घरी जाऊन जेवलो.

मग बाजारात त्याला 'विमान पाडणारा मिस्त्री' म्हणायला लागले. आधी थट्टेने, मग खरंच. पंपाची कामंसुद्धा येईनाशी झाली. दोन वर्षांत त्याने लेथ विकलं आणि भिवंडीत एका गोदामावर पहारेकरी राहिला. पण दर ईदला जव्हारला आला, की शीरखुर्म्याचा डबा घेऊन माझ्या दारात उभा. म्हणायचा, "साहेब, माझ्यामुळे तुमचं विमान मोडलं. माफ करा." आणि मी, सभ्य गृहस्थहो, दरवर्षी म्हणायचो, "असू दे सादिक, होतं असं. जा, माफ केलं." डबा घ्यायचो. शीरखुर्मा खायचो. लाज नावाची गोष्ट माणसाला नसली की नसतेच.

गेल्या थंडीत सादिक वारला. काल मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, खैरुनभाभींना, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, जाताना ते बोलले, टिपणीस साहेबांनी माफ केलं, माझ्या दिलावर आता ओझं नाही. ते सुकूनने गेले. आता तुम्ही हे मला सांगून गेलात. मी हे कुणाजवळ बोलू?"

अध्यक्ष महोदय, सकाळी मी तुम्हाला विचारलं, अहवाल दुरुस्त होईल का? तुम्ही म्हणालात, समितीच राहिली नाही, करणार कोण. बरोबर आहे. विमानंही सोमवारी भंगारात जाणार. म्हणजे सादिकचा दोष तेवढा कागदावर कायम राहणार, आणि मी या शालीत.

हा समारंभ ज्यांनी घडवून आणला त्या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. शेवटी, बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायचा रिवाज आहे. माझी विनंती उलटी आहे. पोटात घालू नका. इथून उठाल तेव्हा जव्हारच्या बाजारात जा आणि भेटेल त्याला सांगा, की मी सांगितलं होतं तेवढंच सादिकने काढलं होतं.